राजारामपुरीतला त्रिकोणमितीचा सुट्टीतला क्लास, पोरीला घातलेला, कसा वाटला ते सांगतो

नववी संपवून दहावीत जाणाऱ्या पोरांसाठी मे महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीत एक रिटायर्ड मॅडम फक्त त्रिकोणमितीचा छोटा क्लास घेतात, घराच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे तिथं. बोर्ड नाही, जाहिरात नाही, ओळखीतनं कळतं. नाव-पत्ता इथं टाकत नाही कारण मॅडमनीच नको म्हणून सांगितलंय, पोरं वाढली की प्रत्येकाची वही बघणं होत नाही म्हणतात. पण ग्रुपवर लई जण विचारायलेत की कसा आहे, घालू का नको, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

आधी आमची परिस्थिती सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. पोरगी सेमीला आहे, गणितात बरी आहे, पण नववीच्या भूमितीत त्रिकोणमितीचा धडा आला तिथं गाडी अडली. शाळेत पहिल्याच तासाला फळ्यावर साइन, कॉस, टॅनची सूत्रं, खाली ०, ३०, ४५, ६०, ९० चा तक्ता, पाठ करून या, झालं. तिनं केलं पाठ, मार्क पण पडले. पण मी एकदा सहज विचारलं की बाई टॅन म्हणजे नक्की काय, तर म्हणाली "संमुख छेद लगत". बरं, पण ते भागून मिळालं काय, त्याचा उपयोग काय, तर गप्प. मी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो, शेडच्या कैच्या, जिने, रॅम्प हेच रोजचं, म्हणजे मला कोनाशिवाय दिवस जात नाही, आणि घरात पोरगी तेच शिकायला लागलीय पण तिला ते कुठं वापरतात हेच ठाऊक नाही, हे मला बघवेना. म्हणून क्लास शोधला.

आता मेन गोष्ट. या मॅडम पहिले दोन तास साइन, कॉस, टॅन हे शब्दच काढत नाहीत. मला सुरुवातीला वाटलं वेळ घालवायलेत का काय. पण तसं नव्हतं ते. पहिल्या दिवशी पोरांना कोनमापकानं ४० अंशाचा कोन काढायला लावला आणि त्याच कोनात लहान मोठे तीन काटकोन त्रिकोण, पाया ५ सेंटीमीटर, ८ आणि १२. मग उभी बाजू पट्टीनं मोजा आणि पायानं भागा. ५ ला उभी बाजू ४.२ आली, ८ ला ६.७ आणि १२ ला १०.१ च्या आसपास, आणि भागाकार तिन्हीकडं ०.८४. पट्टी एखादा मिलीमीटर इकडंतिकडं झाली तर ०.८३ नाहीतर ०.८५, पण फिरून फिरून तिथंच. मग मॅडमनी एका पोराला म्हटलं तू घरी अख्ख्या भिंतीवर काढ ४० अंशाचा त्रिकोण, काय येईल सांग. पोरगं म्हणालं ०.८४ च. का? तर कोन तेच असले की त्रिकोण समरूप, बाजू सगळ्या एकाच पटीत वाढतात, भागाकार हलत नाही. सगळी त्रिकोणमिती ह्या एका गोष्टीवर उभी आहे आणि शाळेत ही गोष्ट एका वाक्यात उरकली होती. तिसऱ्या तासाला मॅडमनी सांगितलं की तुम्ही जो ०.८४ काढलाय ना त्यालाच जग टॅन ४० म्हणतं. तोपर्यंत पोरांकडं १० पासून ८० पर्यंत स्वतः मोजून केलेला तक्ता तयार होता, छापील तक्त्याशी ताडून बघितला तर दुसऱ्या दशांशापर्यंत बहुतेक जुळत होता. आमची घरी येऊन वही नाचवत म्हणाली, "पप्पा हे मी स्वतः मोजलो." त्या वहीचं मोल मला फीपेक्षा जास्त वाटतं, खरं सांगतो.

दुसरी गोष्ट आवडली ती संमुख आणि लगतच्या बाजूची. पुस्तकात काटकोन बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यातच काढलेला असतो, त्यामुळं पोरं समजतात की उभी ती संमुख आणि आडवी ती लगत, आणि परीक्षेत त्रिकोण फिरवून दिला की सगळं उलटं. मॅडमनी हॉलच्या फरशीवर खडूनं भला मोठा त्रिकोण काढला, एकेका पोराला कोपऱ्यात उभं केलं आणि समोर बघायला लावलं. जी बाजू तुझ्या पायाला लागत नाही, समोर पडते, ती संमुख. काटकोनाच्या समोरची कायम कर्ण. उरली ती लगत. मग त्या पोराला दुसऱ्या लघुकोनात नेऊन उभं केलं, तर मघाची संमुख आता पायाशी आली, लगत झाली. म्हणजे ३० अंशाचा साइन आणि ६० अंशाचा कॉस एकच का असतो ते कुणाला पाठ करायला लागलं नाही, पोरांनी चालून बघितलं. सेमीच्या आणि इंग्लिश मीडियमच्या पोरांसाठी फळ्यावर संमुखच्या खाली ऑपोझिट, लगतच्या खाली अ‍ॅडजसंट, कर्णाच्या खाली हायपोटेन्यूज असं दोन्ही लिहितात, त्यामुळं भाषेचा प्रश्न येत नाही.

एक सवय पण लावली, उत्तर काढल्यावर तपासायची. साइन किंवा कॉस एकच्या वर आला तर समजायचं की चुकलं, कारण काटकोन त्रिकोणात कर्ण सगळ्यात लांब, लहानाला मोठ्यानं भागून एकच्या वर जाणारच नाही. टॅन मात्र कितीही मोठा होऊ शकतो. आणि कोन दुप्पट झाला म्हणून साइन दुप्पट होत नाही, साइन ३० म्हणजे ०.५ पण साइन ६० म्हणजे १ नाही, ०.८६६ आहे. ही चूक दहावीतली हुशार पोरं पण करतात म्हणे.

आता क्लासचा जो भाग मी कधी विसरणार नाही तो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. आपल्या इथं घड्याळात बारा नाही, साडेबाराच्या आसपास होतं ते, कारण घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७४ च्या थोडं पुढं. मॅडमनी त्या दिवशी मुद्दाम तास ठेवला, गच्चीवर. ३० सेंटीमीटरचा पीव्हीसी पाईपचा तुकडा, ओळंबा लावून एकदम सरळ उभा केलेला, खाली पांढरा कागद. पालकांना पण बोलावलं होतं म्हणून मी गेलो. साडेअकराला सावली ७.७ सेंटीमीटरच्या जवळपास. बाराला ३.८. सव्वाबाराला १.९. आणि पोरं प्रत्येक वेळी पाईपची उंची भागिले सावली, म्हणजे सूर्य जेवढ्या अंशावर आहे त्याचा टॅन, काढायलेली, तर आलं ४, मग ८, मग १६. सावली निम्मी झाली की भागाकार दुप्पट. पोरं ओरडायला लागली की पुढचं ३२ येणार, ६४ येणार. आणि साडेबाराला सावली पाईपच्या बुडात शिरली, दिसेचना. मॅडम म्हणाल्या आता भागा. ३० ला शून्यानं भागा. सगळी गप्प, मग एक बारकं पोरगं म्हणालं, मॅडम भागता येत नाही की ओ. तर मॅडम म्हणाल्या, तुमच्या शाळेच्या तक्त्यात टॅन ९० च्या घरात काय लिहिलंय? निश्चित करता येत नाही असं लिहिलंय. त्या एका घरासाठी सगळ्यांना दीड तास उन्हात उभं केलं होतं आणि एका पण पोरानं कंटाळा केला नाही. ढग आले असते तर सगळं फुकट गेलं असतं, मेमध्ये दुपारचे वळवाचे ढग येतात, यंदा नशीब चांगलं. तोच दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत येतो पण तेव्हा आपल्याकडं पावसानं सूर्यच दिसत नाही.

हिवाळ्यातलं पण मॅडमनी हिशोबानं दाखवलं, २२ डिसेंबरच्या सुमाराला दुपारी सूर्य आपल्या इथं फक्त ५० अंशावर असतो, म्हणजे पाच फुटाच्या माणसाची भर दुपारची सावली चार फुटाच्या वर. मला हे कामात पण उपयोगाचं वाटलं, शेडला छज्जा किती बाहेर काढायचा, ऊन कुठपर्यंत आत येणार, आम्ही अंदाजानं सांगतो गिऱ्हाईकाला.

मग फील्ड ट्रिप. पोलीस उद्यानात ३०३ फुटाचा झेंड्याचा खांब आहे, १ मे २०१७ ला उभा राहिला, सगळ्यांना माहिती आहे. ह्याची उंची आधीच ठाऊक आहे म्हणून तो निवडला, म्हणजे पोरांना स्वतःचं उत्तर तपासता येतं. उंची मोजायचं यंत्र घरीच केलेलं, मोठा कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली कोल्ड्रिंकची नळी, मध्यबिंदूतनं सोडलेला दोरा आणि दोऱ्याला बांधलेला नट. नळीतनं खांबाचं टोक बघायचं, दोरा कुठं थांबला ते दुसऱ्यानं वाचायचं, ९० मधनं वजा केलं की उन्नत कोन, म्हणजे नजर आडव्यापासून किती वर उचलली तो. टेपनं खांबापासून २०० फूट मोजले. एका ग्रुपला ५५ आला, एकाला ५६, एकाला ५७. आता टॅन ५५ म्हणजे १.४२८, गुणिले २०० म्हणजे २८५.६, त्यात डोळ्याची उंची साडेचार फूट मिळवली की २९०. ५६ वाल्यांना ३०१. ५७ वाल्यांना ३१२. म्हणजे एका अंशाच्या चुकीला अकरा फूट! आणि तिघांची सरासरी काढली तर ३०१, खऱ्या उंचीपासून दोन फूट. कोल्ड्रिंकच्या नळीनं! डोळ्याची उंची मिळवायला बरीच पोरं विसरतात, परीक्षेत पण विसरतात, इथं उत्तर लगेच कमी भरतं म्हणून डोक्यात बसतं.

नंतर मॅडमनी विचारलं, जवळ जाऊन मोजलं तर जास्त बरोबर येईल का. सगळी हो म्हणाली. मग ५० फुटावरचा हिशोब कागदावर करायला लावला, तिथनं कोन ८० च्या वर जातो, आणि ८० धरला तर डोळ्याची उंची धरून २८८ येतं आणि ८१ धरला तर ३२०, म्हणजे एका अंशाला ३२ फुटाचा फरक. लांब गेलं तर कोन बारीक होतो आणि तिकडं पण चूक वाढते. सगळ्यात कमी चूक ४५ अंशाच्या आसपास. आणि ४५ ला आणखी एक फायदा, टॅन ४५ म्हणजे १, त्यामुळं टोक ४५ वर दिसेल तिथपर्यंत मागं सरकत जायचं आणि तिथनं खांबापर्यंतचं अंतर मोजायचं, त्यात डोळ्याची उंची घातली की झालं, तक्ता पण नको. मी आमच्या पोरांना साईटवर हे दाखवलं, नारळाच्या झाडावर करून बघितलं त्यांनी.

असल्याच मोजणीवर आपल्या देशाचा नकाशा झाला हे पण सांगितलं. १८०२ ला मद्रासजवळ पायारेषा मोजून सर्वे सुरू झाला, मग एकेका टोकावरनं कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत वर हिमालयापर्यंत, आणि १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांनी गणित करून दाखवलं की पंधरा नंबरचं शिखर सगळ्यात उंच, तेच एव्हरेस्ट. कोण वर चढलं पण नव्हतं तेव्हा. २९,००२ फूट काढलेली त्यांनी. आणि त्याच्या कितीतरी आधी आर्यभटानं पावणेचार-पावणेचार अंशाला किंमत देऊन २४ घरांचा तक्ता केलेला, हे ऐकल्यावर आमच्या पोरीनं वहीतल्या स्वतःच्या तक्त्याला आर्यभटाच्या पद्धतीनं मधली घरं वाढवली. मॅडमनी सांगितलेलं नव्हतं, आपण होऊन केलं.

आता कमी काय आहे ते पण सांगतो, नाहीतर रिव्ह्यू कसला. एक म्हणजे ३०, ४५, ६० च्या नेमक्या किमती, ते रूट ३ आणि रूट २ चं, शेवटच्या दिवशी घाईघाईनं झालं. समभुज त्रिकोणाचा कागद मधनं दुमडला की बाजू १, रूट ३, २ अशा मिळतात आणि चौरस कर्णावर दुमडला की १, १, रूट २, एवढं सुंदर आहे ते, त्याला अख्खा एक तास पाहिजे होता. कंपासपेटीत जे दोन गुण्ये असतात ते हेच दोन त्रिकोण आहेत, पोरं पाच वर्षं ते दप्तरात घेऊन फिरतात आणि बहुतेकांनी काढून बघितलेले पण नसतात. आम्ही घरी परत बसून केलं ते. दुसरं, दहावीतल्या नित्यसमानता, म्हणजे साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक वगैरे, फक्त ओळख करून देतात. हे पायथागोरसच आहे, कर्णाच्या वर्गानं भागलेलं, एवढं एकदा छान दाखवलं, पण सिद्ध करा टाईपची गणितं सोडवून घेतली नाहीत. ज्यांना बोर्डाच्या पेपरची तयारी पाहिजे त्यांनी हा क्लास लावून थांबू नये, ह्यानंतर सराव वेगळा करायला लागणार. तिसरं, हॉलमध्ये पंखे कमी आणि मे महिना, पोरं घामाघूम होऊन येतात. आणि छापील नोट्स नाहीत, ज्यानं वही नीट ठेवली नाही त्याच्या हातात शेवटी काही राहत नाही.

फी आठशे रुपये, कोनमापक, दोरा, नट सगळं त्यात. गावात दहावीच्या क्लासच्या फिया बघता ही काहीच नाही. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, पोरांना मेन रोडला सोडा.

कुणाला घालावा? ज्याला मार्क पडतात पण कळत नाही अशा पोराला डोळे झाकून घाला. ज्याला भागाकार आणि दशांश अपूर्णांकच जड जातात त्याची आधी तेवढी तयारी घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी ०.८४ काढताना मागं पडतो, आमच्या बॅचला एक पोरगं असं होतं, मॅडमनी वेगळं बसवून घेतलं त्याला पण बाकीच्यांचा वेळ गेला. अकरावी सायन्सला जायचं ज्यांचं ठरलंय त्यांनी तर करावाच, फिजिक्सला पहिल्याच महिन्यात साइन कॉस लागतं असं पुतण्या सांगत होता.

क्लासनंतरचं एक सांगतो. जूनमध्ये शिरोलीच्या बाजूला शेडचं काम होतं, २० फूट रुंदी, मधोमध माथा, दोन्हीकडं उतार १५ अंश. रात्री घरी कागदावर पत्र्याचं माप काढत बसलेलो, पोरगी शेजारी आली, म्हणाली थांबा. निम्मी रुंदी १०, ती लगतची, पत्रा म्हणजे कर्ण, म्हणून १० भागिले कॉस १५. १०.३५ फूट, म्हणजे दहा फूट चार इंच. मध्ये माथा किती वर जाणार तर १० गुणिले टॅन १५, २.६८, दोन फूट आठ इंच. वळचणीला एक फूट धरला तर साडेअकराच्या आत, म्हणून १२ फुटी पत्रा मागवा. मी दोरी लावून, जमिनीवर आखून जे काढतो तेच माप, पाच मिनिटात, कागदावर. दुसऱ्या दिवशी साईटवर मी आखून पण बघितलं, अर्ध्या इंचाचा फरक नव्हता. आता रॅम्पचं काम आलं की तिलाच विचारतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी दिली की कोन पावणेपाच अंश येतो हे तिनं काढून माझ्या डायरीत लिहून ठेवलंय. शिडीचं पण, खालचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्शावर म्हणजे कोन ७६ च्या आसपास, आमच्या कामगारांना आता तसं सांगतो.

पुढची बॅच मॅडम दिवाळीच्या सुट्टीत घेणार आहेत असं कळलंय, नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला धरून. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण नोव्हेंबरात आणि परत जानेवारी संपता संपता मूर्तीपर्यंत पोचतात, कारण दोन्ही वेळेला सूर्य दक्षिणेला जवळजवळ त्याच जागी असतो, एकदा जाताना आणि एकदा परत येताना. त्यावर त्यांनी मेमध्येच एक गणित घरी सोडवायला दिलेलं, सूर्य क्षितिजाच्या ३ अंश वर असताना १०० मीटरवरची इमारत किती उंच झाली की किरण अडणार. टॅन ३ म्हणजे ०.०५२४, म्हणजे सव्वापाच मीटर, दीड-दोन मजले फक्त. ह्या वेळी पोरांना घेऊन मावळतीचा कोन रोज मोजायचा बेत आहे. ज्यांना घालायचंय त्यांनी मला पर्सनल मेसेज करा, मॅडमना विचारून नंबर देतो, पण वीसच्या वर पोरं घेत नाहीत त्यामुळं गणपतीच्या आधीच सांगा, आणि पोराकडं टोपी, पाण्याची बाटली आणि दोन्ही गुण्ये असलेली कंपासपेटी पाहिजेच.